शब्दकोडे : विषयाची एकवाक्यता आणि सूत्रांचा न्याय

(इयत्ता ३ री ते ५ वीच्या शिक्षकांसाठी)

शनिवारच्या सकाळच्या शाळेत, परिसर अभ्यासाच्या उजळणीच्या तासाला किंवा भित्तिपत्रकाच्या एखाद्या कोपऱ्यात शब्दकोडे देण्याची प्रथा अनेक शाळांतून रूढ झाली आहे. ती स्वागतार्ह आहे. कोड्यामुळे मुलांचा शब्दसंग्रह वाढतो, शुद्धलेखनाकडे लक्ष जाते आणि मुख्य म्हणजे उत्तर शोधण्याची धडपड मूल आपण होऊन करते. तथापि कोडे रचणे हे फळ्यावर चौकोन आखून त्यांत शब्द बसविण्याइतके सोपे काम नाही. चांगले कोडे व सदोष कोडे यांतील भेद वरवर पाहता दिसून येत नाही. एखाद्या मुलाचे बरोबर उत्तर चूक ठरते, तेव्हा तो दिसतो.

एक प्रसंग

प्रवरेच्या काठच्या एका द्विशिक्षकी शाळेत चौथीच्या वर्गाला गुरुजींनी 'महाराष्ट्रातील नद्या' या विषयावर कोडे दिले. उभ्या शब्दांपैकी एकाचे सूत्र होते : 'गोदावरीची उपनदी (तीन अक्षरे).' या शब्दाचे शेवटचे अक्षर 'नीरा' या आडव्या शब्दातील 'रा'शी जुळत होते. पहिल्या दोन घरांतून दुसरा कोणताही शब्द जात नव्हता. गुरुजींच्या उत्तरपत्रिकेत 'प्रवरा' हा शब्द होता. बहुतेक मुलांनी तोच लिहिला, कारण ती नदी शाळेच्या मागूनच वाहत होती.

एका मुलीने मात्र 'मांजरा' असे लिहिले. तिचे आईवडील ऊसतोडीच्या हंगामासाठी मराठवाड्यातून आलेले. साखर कारखान्याच्या पलीकडे कोपीत त्यांचा मुक्काम होता आणि मुलगी दिवाळीनंतर शाळेत दाखल झाली होती. गुरुजींनी तिच्या वहीवर फुली केली व शेजारी 'प्रवरा' असे लिहून दिले. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, आमची मांजराबी गोदावरीलाच मिळती की."

गुरुजींनी भिंतीवरचा नकाशा पाहिला. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर जिल्ह्यातून वाहत जाऊन महाराष्ट्र-तेलंगण सीमेजवळ गोदावरीस मिळते. नावाची अक्षरे तीन. शेवटचे अक्षर 'रा'. मुलीच्या उत्तराने सर्व अटी पुऱ्या केल्या होत्या. गुरुजींनी फुली खोडली, गुण दिला आणि सुट्टीनंतर वर्गासमोर सांगितले की, चूक कोड्यात होती, उत्तरात नव्हती.

गुरुजींचे हे करणे योग्यच झाले. परंतु ती मुलगी वही घेऊन आली नसती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा. बहुतेक मुले येत नाहीत. नव्या गावच्या शाळेत मागच्या ओळीत बसणारे मूल तर येतच नाही. ते रबराने आपल्या गावची नदी पुसून टाकते व फळ्यावरची नदी लिहून घेते. आपल्याला घरी जे ठाऊक आहे ते शाळेत चालत नाही, हा धडा ते त्या दिवशी शिकते. आणि हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसला तरी फार काळ लक्षात राहतो.

कोडे रचणाऱ्याचे बंधन

जुन्या काळी घराघरांतून कोडी घातली जात. आजी कोडे घाली आणि नातवंडे उत्तर देत. एखाद्या नातवाने तिच्या मनात नसलेले, पण कोड्याशी जुळणारे उत्तर दिले, तर ती "हेही खरेच" असे म्हणे आणि आणखी एक खूण सांगून पुढे नेई. खूण अपुरी पडली तर ती पुरी करणे हे कोडे घालणाऱ्याचे काम, हा संकेत तिला कोणी शिकविलेला नव्हता.

छापील कोड्यात ही सोय राहत नाही. सोडविणारा एकटा असतो आणि त्याच्यासमोर असते ती फक्त सूत्राची ओळ. म्हणून त्या ओळीवर मोठी जबाबदारी येते. शब्दकोडे रचणारा सोडविणाऱ्यास जणू शब्द देतो की, 'मी दिलेल्या खुणांवरून नीट विचार केलास, तर तू माझ्याच उत्तरापाशी पोहोचशील.' हा शब्द पाळण्याचे नियम हाच या लेखाचा विषय होय.

हे नियम अनुभवातून सिद्ध झालेले आहेत. आजच्या स्वरूपाचे पहिले शब्दकोडे आर्थर विन यांनी रचले. ते २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्याचा आकार समभुज चौकोनासारखा होता. त्या पहिल्याच कोड्यात एका पक्ष्याचे नाव दोन वेगळ्या ठिकाणी उत्तर म्हणून आले होते, आणि एका ताडवृक्षाच्या तंतूचे असे एक नाव विचारले होते की जे सामान्य वाचकाच्या कानांवरून कधी गेलेले नसावे. पुढे याच पत्रात मार्गारेट पेदरब्रिज (विवाहानंतरच्या मार्गारेट फॅरर) यांच्याकडे कोड्यांचे काम आले. कोड्यांतील चुकांबद्दल तक्रारी होत. त्यांनी कोडी स्वतः सोडवून पाहिली, तेव्हा तक्रारी खऱ्या असल्याचे त्यांस आढळले. छापण्यापूर्वी कोडे सोडवून पाहण्याचा शिरस्ता त्यांनी घातला. १९४२ साली त्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या शब्दकोडे-संपादक झाल्या.

इंग्लंडमध्ये कोड्यांतील न्यायाचा विचार ज्या दोघांनी पद्धतशीरपणे मांडला, ते दोघेही शिक्षक होते, ही गोष्ट शिक्षकवर्गास विशेष वाटावी. 'अफ्रीत' या टोपणनावाने कोडी रचणारे रिची हे मुख्याध्यापक होते. त्यांचे पुस्तक १९४९ साली निघाले. त्यांच्या विचाराचा आशय असा की, कोडे रचणाऱ्याने मनातील गोष्ट उघड करून सांगावी अशी सक्ती नाही. परंतु त्याने लिहिलेल्या शब्दांतून उत्तराकडे जाणारी प्रामाणिक वाट निघालीच पाहिजे. 'झिमेनिस' या नावाने लिहिणारे मॅकनट हे प्राचीन भाषांचे अध्यापक होते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी, किती अक्षरांच्या शब्दात किती घरे दुसऱ्या शब्दाने न छेदलेली चालतील, याचे प्रमाणही घालून दिले.

आपल्याकडे या प्रश्नाने एकदा थेट न्यायालयाची पायरी चढली. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मोठमोठ्या बक्षिसांच्या शब्दकोडे-स्पर्धा वृत्तपत्रांतून चालत. एकाच सूत्राला दोन शब्द सारखेच शोभत, आणि बक्षीस मात्र आयोजकांनी अगोदर मोहोरबंद करून ठेवलेल्या शब्दाशी ज्याचे उत्तर जुळेल त्याला मिळे. संसदेने १९५५ साली कायदा करून अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर मर्यादा घातली. मुंबई राज्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली असे ठरविले की, ज्या स्पर्धेतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नसते, ती जुगाराच्या स्वरूपाची होय. वर्गातील कोड्यावर कोणी पैसे लावत नाही हे खरे. तथापि ज्या सूत्राला दोन उत्तरे सारखीच शोभतात आणि गुण एकालाच मिळतो, त्या सूत्रापुढे हुशार मूल व नशीबवान मूल यांत भेद राहत नाही. शाळेत तरी तो राहिला पाहिजे.

अक्षर आणि घर

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसते. परंतु एक अक्षर कशास म्हणावे, हे मुलांना अगोदर सांगितले पाहिजे. रूढ पद्धत अशी : काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग व रफार ही चिन्हे ज्या अक्षराबरोबर लिहिली जातात, त्याच अक्षराच्या घरात जातात, आणि जोडाक्षरास एकच घर मिळते. यानुसार 'गंगा' या शब्दाला दोन घरे (गं, गा), 'विद्या' या शब्दाला दोन (वि, द्या), 'पूर्णा' या शब्दाला दोन (पू, र्णा), 'दुःख' या शब्दाला दोन (दुः, ख) आणि 'स्त्री' या शब्दाला एकच घर लागते.

ही पद्धत एकदा स्वीकारली की ती शेवटपर्यंत पाळावी. एकाच कोड्यात 'वर्धा' दोन घरांत आणि 'कृष्णा' तीन घरांत बसविलेली असेल, तर मूल अक्षरे मोजूनही चुकते. घरांची संख्या हीदेखील एक खूण आहे. ती खोटी निघाली, तर इतर खुणांवरचा विश्वासही उडतो.

दोन शब्द जेथे एकमेकांस छेदतात, तेथे अक्षर तंतोतंत एकच असले पाहिजे. 'फूल' व 'फुलपाखरू' हे शब्द एकाच घरातून आडवे-उभे सुरू करण्याचा मोह होतो. परंतु पहिल्यात दीर्घ 'फू' व दुसऱ्यात ऱ्हस्व 'फु' आहे. 'नदी'चा 'दी' आणि 'दिवस'चा 'दि' यांचेही तसेच. 'नदी' या शब्दाशी 'दीपक' जुळतो, 'दिवस' जुळत नाही. चौकट पुरी होत नाही म्हणून ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा केला, तर सूत्र खरे ठरविण्यासाठी मुलाला शब्द अशुद्ध लिहावा लागतो. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले व १९७२ साली त्यांत भर पडली. भाषेच्या तासाला ते शिकवावयाचे आणि कोड्याच्या तासाला मोडावयास लावायचे, हे शिक्षणास धरून नाही. अशा वेळी शब्द बदलावा. अक्षर वाकवू नये.

छेदलेले घर आणि एकटे घर

ज्या घरातून आडवा व उभा असे दोन्ही शब्द जातात, ते छेदलेले घर. ज्यातून एकच शब्द जातो, ते एकटे घर. छेदलेले घर मुलाला दोन वाटांनी मदत करते. एकट्या घराला सूत्रावाचून दुसरा आधार नसतो.

येथे मराठी कोड्याची एक विशेष अडचण ध्यानात घ्यावी. इंग्रजीत अक्षरे सव्वीस. मराठीत चौतीस व्यंजनांना बाराखडीची बारा रूपे धरली, तरी चारशेहून अधिक अक्षरे होतात. शिवाय जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे दोन मराठी शब्दांत नेमके तेच अक्षर सापडणे कठीण जाते आणि कोड्यात एकटी घरे अधिक राहतात. यास्तव मराठी कोड्यातील सूत्रे इंग्रजी कोड्यातील सूत्रांहून अधिक नेमकी असणे आवश्यक आहे.

नद्यांच्याच नावांचे उदाहरण घेऊ. एका शब्दाचे पहिले घर एकटे आहे, दुसऱ्यात 'र' व तिसऱ्यात 'णा' मिळाले आहे आणि सूत्र आहे 'महाराष्ट्रातील एक नदी.' उत्तर 'गिरणा' असू शकेल, 'वारणा' असू शकेल, 'तेरणा' वा 'दारणा'ही असू शकेल. तीनपैकी दोन अक्षरे हाती असूनही मूल चार वाटांच्या चव्हाट्यावर उभे राहते. सूत्रात एकच शब्द अधिक घातला, की वाट मोकळी होते. गिरणा तापीला मिळते, वारणा कृष्णेला, तेरणा मांजरेला आणि दारणा गोदावरीला.

यातून एक साधा नियम निघतो : सूत्र सैल असेल तर अधिक घरे छेदलेली असावीत; घरे एकटी असतील तर सूत्र घट्ट असावे. दोन्ही सैल ठेवू नये.

सूत्र कसे असावे

पहिली गोष्ट, सूत्र खरे असावे. घाईत लिहिलेल्या सूत्रात चूक सहज राहते. उत्तर जितक्या काळजीने तपासावे, तितक्याच काळजीने सूत्र तपासावे.

दुसरी गोष्ट, सूत्र व उत्तर यांचे व्याकरणरूप एक असावे. सूत्रात नाम असेल तर उत्तर नाम, विशेषण असेल तर विशेषण. 'गोड' या सूत्राचे उत्तर 'मधुर' होईल, 'माधुर्य' होणार नाही. 'पळणे' या सूत्राचे उत्तर 'धावणे' होईल, 'धावला' होणार नाही. 'मुले खेळतात ती जागा' या सूत्राला 'मैदान' हे उत्तर योग्य. तेथे चार घरे करून 'मैदानात' बसविणे योग्य नव्हे. लिंग व वचन यांसही हाच नियम लागू आहे.

तिसरी गोष्ट, सूत्र पुरेसे असावे. 'पाण्यात आढळणारा प्राणी (तीन अक्षरे)' या सूत्राला कासव, मगर, बेडूक, खेकडा ही सर्वच उत्तरे बरोबर आहेत. 'पाठीवर कठीण ढालीसारखे कवच असलेला, पाण्यात व जमिनीवर वावरणारा, संथ चालीचा प्राणी' असे म्हटले की 'कासव' एकटेच उरते. सूत्र लिहून झाल्यावर शिक्षकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा : 'या खुणा पुऱ्या करणारा दुसरा शब्द मला सुचतो काय?' सुचला, तर तो वर्गातील एखाद्या मुलालाही सुचणारच.

चौथी गोष्ट, सूत्र मुलाच्या आवाक्यातील असावे. कठीण कोडे आणि अन्यायी कोडे यांत फरक आहे. कठीण कोड्याचे उत्तर कळल्यावर मूल म्हणते, "अरे, हे मला सुचायला हवे होते!" अन्यायी कोड्याचे उत्तर कळल्यावर मूल गप्प बसते. सूत्राची गंमत लपविण्यात जरूर असावी. परंतु जे लपविले ते मुलाने कधी पाहिलेलेच नसेल, तर त्यास ते कोठून सापडावे? दोन अपरिचित शब्द एकमेकांस छेदू देऊ नयेत, कारण मग एकाचा आधार दुसऱ्यास मिळत नाही.

घरची बोली आणि पुस्तकी शब्द

एकच वस्तू निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या नावांनी ओळखली जाते. 'ज्याचे पिठले करतात असे एक तांबूस रंगाचे कडधान्य (तीन अक्षरे)' असे सूत्र दिले, तर कोकणातील मूल 'कुळीथ' लिहील आणि देशावरील मूल 'हुलगा'. दोन्ही नावे एकाच धान्याची आणि दोन्ही तीन अक्षरांची. येथे बोलीतला शब्द अशुद्ध व पुस्तकातला शुद्ध, असा विचार करणे गैर होय. उत्तर विशिष्ट हवे असेल, तर सूत्रातच तसे सांगावे : 'कुळथाचे देशावरील नाव.' मग कोकणातून बदली होऊन आलेल्या शिक्षकाचा वर्गही अडत नाही आणि दोन्ही नावे मुलांना ठाऊक होतात.

हंगामी स्थलांतर करणारी, आजोळी राहून शिकणारी, घरी वेगळी भाषा बोलणारी मुले आज बहुतेक शाळांत आहेत. शिक्षकाला जो शब्द सहज सुचतो, तोच सर्वांना सुचेल असे गृहीत धरता येत नाही. कोडे रचताना वर्गाच्या हजेरीपटावर एकदा नजर टाकावी.

विषयाची एकवाक्यता

कोड्याला विषय दिला की त्याचे शीर्षक हीच पहिली खूण होते. मूल शीर्षक वाचते आणि त्या दिशेने विचार करू लागते. म्हणून शीर्षकाने जे सांगितले ते सर्व शब्दांनी पाळले पाहिजे. 'महाराष्ट्रातील नद्या' या कोड्यात पाच नद्या आणि सहावे 'उजनी' असेल, तर ते कोडे विषयाशी प्रामाणिक नाही. उजनी हे भीमा नदीवरील धरण आहे. हुशार मूल येथे अधिक अडखळते, कारण शीर्षकावर त्याचा अधिक विश्वास असतो. उजनी हवीच असेल, तर शीर्षक 'नद्या व धरणे' असे करावे आणि धरणांची नावेही एकाहून अधिक घ्यावीत.

सर्वच शब्द विषयाचे मिळत नसतील, तर ते उघडपणे सांगावे. 'तारांकित शब्द नद्यांची नावे आहेत. इतर शब्द नेहमीचे आहेत' अशी एक ओळ पुरते. शिवाय विषयातील सर्व शब्द एकाच पातळीचे असावेत. पक्ष्यांच्या कोड्यात मोर, पोपट, कावळा यांच्या पंक्तीला नुसते 'पाखरू' बसवू नये. तो प्रकार नव्हे, ते सर्वांचे सामान्य नाव आहे. एकच शब्द दोनदा येऊ देऊ नये. एका शब्दाच्या सूत्रात दुसऱ्या शब्दाचे उत्तर उघड करू नये. गोदावरी हे कोड्यातील एक उत्तर असेल, तर दुसऱ्या सूत्रात 'गोदावरीची उपनदी' असे लिहिताच पहिले उत्तर फुकट जाते.

नमुना

वरील नियमांनी रचलेले एक लहान कोडे पुढे दिले आहे. विषय : महाराष्ट्रातील नद्या. पाच ओळी व पाच स्तंभ आखावेत, काळी घरे भरावीत आणि पांढरी मोकळी ठेवावीत. पहिल्या ओळीतील तिसऱ्या घरास १, दुसऱ्या ओळीतील पहिल्या घरास २ आणि तिसऱ्या ओळीतील पहिल्या घरास ३ हे अंक द्यावेत. उत्तरे भरल्यावर ते असे दिसेल :

■ ■ वा शि ष्ठी
गो ■ र ■ ■
दा र णा ■ ■
व ■ ■ ■ ■
री ■ ■ ■ ■

आडवे शब्द
१. कोकणातील नदी, चिपळूण शहर हिच्या काठी आहे. (३)
३. नाशिक जिल्ह्यातील नदी. इंग्रजांच्या काळात हिच्यावर बांधलेले धरण इगतपुरी तालुक्यात आहे. (३)

उभे शब्द
१. कृष्णेला मिळणारी नदी. चांदोलीचे धरण हिच्यावर आहे. (३)
२. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी नदी. पैठण हिच्या काठी आहे. (४)

या कोड्यात 'वारणा' व 'दारणा' यांचा शेवट सारखाच आहे; म्हणून दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर मुद्दाम छेदलेले ठेवले आहे. 'वा' हे अक्षर वाशिष्ठीवरून व 'दा' हे गोदावरीवरून मिळते. जेथे गोंधळ होण्याचा संभव, तेथेच आधार द्यावा, हे यातील मर्म आहे. दारणा गोदावरीचीच उपनदी असली, तरी तसे सूत्रात लिहिलेले नाही, कारण गोदावरी हे येथे उत्तर आहे.

वर्गात देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर

कोडे तयार झाल्यावर उत्तरपत्रिका बाजूला ठेवावी आणि सहकारी शिक्षकास नुसती चौकट व सूत्रे द्यावीत. एकशिक्षकी शाळेत वरच्या वर्गातील मुलाकडून अथवा केंद्रातील शेजारच्या शाळेच्या शिक्षकाकडून हे काम करून घ्यावे. रचणाऱ्यास स्वतःच्या कोड्यातील दोष सहसा दिसत नाहीत, कारण उत्तर त्याच्या मनात अगोदरच असते. सोडविणारा जेथे थांबला व जेथे त्याने वेगळा शब्द लिहिला, त्या दोन जागा टिपून घ्याव्यात. सूत्रे सुधारण्यास तेवढे पुरते.

वह्या तपासताना उत्तरपत्रिकेशी नुसता मेळ घालू नये. वेगळे उत्तर आढळल्यास तीन गोष्टी पाहाव्यात : ते सूत्रात बसते काय, घरांत बसते काय आणि छेदणाऱ्या अक्षरांशी जुळते काय. तिन्हीचे उत्तर होकारार्थी असेल, तर पूर्ण गुण द्यावेत. शंका असल्यास फुली करण्यापूर्वी मुलास 'हे उत्तर तू कसे काढलेस?' असे विचारावे. त्याच्या उत्तरात पुष्कळदा शिक्षकासही नवी माहिती मिळते. दोष सूत्राचा निघाला, तर तो वर्गासमोर मान्य करावा. शिक्षकाने आपली चूक मोकळेपणाने मान्य केल्याने त्याचा मान कमी होत नाही. उलट आपले उत्तर घेऊन पुढे येण्याचा धीर मुलांस येतो.

अखेरीस कोडी रचण्याचे काम मुलांवरच सोपवून पाहावे. एक शब्द व त्याचे एक सूत्र एवढेच प्रत्येकाने आणावे आणि शेजाऱ्याने ते सोडवावे. शेजाऱ्याला दुसरे उत्तर सुचले, तर सूत्र पुन्हा लिहावे. नेमके लिहिणे म्हणजे काय, हे मुलांना निबंधाच्या तासापेक्षा येथे लवकर उमगते.

वर ज्या शाळेचा प्रसंग सांगितला, तेथील गुरुजींनी पुढील शनिवारी हेच केले. प्रत्येकाने आपल्या गावाजवळच्या नदीचे सूत्र लिहून आणावयाचे होते. गुरुजींनी स्वतः आपले जुने सूत्र सुधारून फळ्यावर लिहिले : 'भंडारदऱ्याचे धरण जिच्यावर आहे ती गोदावरीची उपनदी.' मग मुलांची सूत्रे वाचली गेली. ऊसतोड कामगारांच्या त्या मुलीच्या पाटीवर एकच ओळ होती : 'धनेगावचे धरण जिच्यावर आहे ती गोदावरीची उपनदी, तीन अक्षरे.' वर्गातील कोणालाच उत्तर येईना. तेव्हा सर्व मुले नकाशाभोवती जमली, बीड जिल्हा शोधला, निळ्या रेषेवर बोट फिरवीत गेली आणि नाव सापडताच एकदम म्हणाली, "मांजरा!"

त्या सूत्राला दुसरे उत्तर नव्हते.